एकतीस यार्ड

मक्याची कणसं भरलीत. इतकी, की रात्री
खिडकी उघडी ठेवली तर पानांवर पानं घासतात
आणि झोपेत मला वाटतं, स्टेडियम भरतंय.

अजून बारा दिवस.
फ्रिजवर वेळापत्रक, किराणा दुकानातून फुकट मिळालेलं,
दहा चौकोन, सगळे कोरे.
या वर्षी पेन्सिलीनं भरायचे.
गेल्या नोव्हेंबरात सकाळीच, कोट चढवता चढवता,
मी पेनानं 'जिंकलो' लिहून बाहेर पडले होते.

तर परिस्थिती अशी आहे.
डावा टॅकल, तो डोंगराएवढा इमॅन्युएल,
त्याचा गुडघा एप्रिलात उघडून पुन्हा शिवला.
आमच्या जुन्या बसचा गिअरबॉक्सही असाच दुरुस्त होऊन आला होता.
धावली बस. पण चढावर बोलायची.
क्वार्टरबॅक नवा, ओरेगनचा,
तीन वर्षांत तिसरं कॉलेज. हात सोन्याचा म्हणे.
सोन्याचा होता तर दोघांनी सोडला कसा,
हे नेब्रास्कात कुणी विचारत नाही.
कोच म्हणतात, संयम ठेवा.
सहावं वर्ष त्यांचं. संयमाचीही कोठी रिकामी होते हो.

दीर माझा, ल्युमिर, म्हणतो, "सात जिंकू."
दर वर्षी सातच म्हणतो.
मी त्याला वेड्यात काढते
आणि भांडी घासताना मनातल्या मनात आठ मोजते.
दुधानं तोंड पोळलंय, कबूल.
ताक फुंकतेय, तेही कबूल.
पण पेला काही खाली ठेववत नाही.

काल रविवार, सरावाला सुट्टी.
बिजागऱ्या आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले
तर काउंटरमागे टोबिन.
हो, तोच.
एकतीस यार्ड, वारा पडलेला, घड्याळात चार सेकंद,
हातातोंडाशी आलेला घास,
आणि उजव्या खांबावर ठण्ण.
एकोणिसाव्या ओळीत ऐकू आला मला तो आवाज.
त्यानंतर गावात त्याला वाईट कुणी बोललं नाही.
म्हणजे, कुणी काही बोललंच नाही.

सात वर्षं मी त्याला शाळेत नेलं-आणलं.
चौदा नंबरची बस, तिसरी सीट, खिडकी.
पुढच्या सीटच्या पाठीवर सारख्या लाथा.
आरशात बघून ओरडायचे, "टोबिन झेलेंका, पाय!"
पाय थांबायचे, पुलापर्यंत.
पूल ओलांडला की पुन्हा ठक, ठक.

काल त्यानं बिजागऱ्या दोनदा मोजल्या.
स्क्रू वेगळ्या पुडीत. पावती.
ओठांवर आलं होतं:
मनाला लावून घेऊ नकोस.
त्याच्या मागोमाग हेही आलं होतं:
या वेळी जरा डावीकडे, बाळा.
दुसऱ्याची लाज वाटली.
एकवीस वर्षांच्या पोराकडे मी
माझे शनिवार मागायला उभी होते,
रुडी गेल्यापासूनचे सगळे,
शेजारच्या खुर्चीसकट,
जिचे पैसे मी अजून भरते
आणि जिच्यावर थर्मास ठेवते.

म्हटलं, "मागचं दार कुरकुरतंय."
"आधी तेल घालून बघा, मिसेस ड्वोराक," तो म्हणाला.
"कित्येकदा बिजागरी चांगलीच असते."

गाडीत बसले. चावी बराच वेळ फिरवली नाही.
दुकानामागच्या गल्लीत,
त्याची जेवणाची सुट्टी झाली असणार,
गोदामाच्या पत्र्यावर चेंडू:
ठक.
मग शोधून आणायला लागेल इतका वेळ.
ठक.
काच खाली केली.
अकरा मोजले. बारावा आलाच नाही,
म्हणजे आत गेला असेल,
किंवा लांब गेला असेल चेंडू, कुणी सांगावं.
आरशात बघितलं फक्त. ओरडले नाही.

घोडामैदान काही लांब नाही आता.
पेन्सिलीला टोक केलंय.
बिजागऱ्या पिशवीतच आहेत.